पलीकडचे

त्या दिवशी सकाळी नळाखाली पातेलं धरून उभं असताना धाकट्याला भिंतीमागून आपल्या आईचा आवाज ऐकू आला. ती म्हणत होती, "अगं, पलीकडच्यांकडे पाणी पोचलंय का बघ. नाहीतर बिचारे तसेच कामाला जातील."

पाणी आलेलं होतं. पातेलं भरून ते बाहेर सांडत होतं, मनगटावरून बाहीत शिरून कोपरापर्यंत पोचलं होतं, आणि धाकटा तसाच उभा होता. पलीकडचे. तेही आदरार्थी. आईने जन्मात त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धाकट्या, गाढवा, मेल्या, आणि अंगात ताप असेल तर बाळा. एवढ्याच पायऱ्या होत्या, आणि चाळिशी उलटली तरी तो त्याच पायऱ्यांवर खाली-वर करत आला होता. आज एकदम कुणाला न विचारता त्याची बढती झाली. बिचारे पलीकडचे. त्याने नळ बंद केला, ओल्या बाहीकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, आपण आत्ता काहीतरी सांडलं आहे आणि ते पाणी नव्हे.

भिंत म्हणजे खरं तर भिंत नव्हती, प्लायवूड होतं. वडील गेल्यावर दोघा भावांनी घराचे दोन भाग केले तेव्हा दादाने आपल्या बाजूने एक प्लाय ठोकलं आणि धाकट्याने आपल्या बाजूने दुसरं, कारण दादाच्या प्लायला आपला कॅलेंडरचा खिळा मारायचा म्हणजे उद्या त्यावरूनही बोलणं ऐकावं लागलं असतं. दोन प्लायांच्या मधे वीतभर पोकळी राहिली. ती कुणाच्याच वाटणीला आली नव्हती आणि तिच्यात झुरळं मात्र निर्धास्त राहत होती. भांडण कशावरून झालं हे कुणी विचारलं असतं तर धाकट्याला सांगायची लाज वाटली असती. त्या घरात सगळं 'आपण' होतं. आपण जेवू या, आपण रंग काढू या, आपल्याला नवी बादली लागणार. एका संध्याकाळी तो दमून घरी आला आणि वहिनी सहज म्हणाली, "आम्ही जेवून घेतलंय." आम्ही. धाकट्याने बूट काढता काढता ते ऐकलं, आणि त्याच्या लक्षात आलं की एका शब्दाने आपल्याला ताटासकट बाहेर ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी तोही म्हणाला, "आम्ही बाहेरच जेवून आलो." लग्न न झालेल्या एकट्या माणसाने स्वतःला आम्ही म्हणावं म्हणजे तो एक तर राजा असावा किंवा संपादक. पण कुणी हसलं नाही. दादा फक्त म्हणाला, "बरं." त्यानंतर सुतार आला. आई कोणाच्या बाजूला, यावर चर्चा झालीच नाही. प्लाय ठोकलं तेव्हा ती आतल्या खोलीत झोपली होती. उठली तेव्हा ती दादाकडे होती.

पाण्याची टाकी दादाच्या बाजूला आणि धाकट्याचं स्वयंपाकघर या बाजूला, त्यामुळे एक पाइप तेवढा दोन्ही प्लायांतून आरपार आणावा लागला. प्लंबरने दोन्हीकडून वेगवेगळी मापं घेतली, भोकं समोरासमोर आली नाहीत, म्हणून ती मोठी केली. मग ती इतकी मोठी झाली की पाइपभोवती चांगली मूठभर फट राहिली. प्लंबर म्हणाला, "ही बुजवायची तर दोघांनी मिळून सिमेंट आणावं लागेल." म्हणून ती राहिली. त्या फटीतून धाकट्याकडे दादाचा खोकला येई, फोडणीचा वास येई आणि आई येई. म्हणजे तिचा आवाज. आधी ती नीट बोलायची. मग वस्तूंची नावं गळायला लागली, चमच्याला 'ते हलवायचं' म्हणू लागली, मग माणसांची. वडील गेले आहेत हे ती विसरली तेव्हा धाकट्याला फटीशी उभं राहून जरा बरंसुद्धा वाटलं होतं, निदान एकाच्या तरी लेखी ते कामावरून परत यायचे होते. आपलं नाव कधी गळेल याची तो वाट पाहत नव्हता. पण रोज सकाळी पातेलं भरून झाल्यावरही थोडा वेळ तिथे उभा राहत होता, एवढं खरं.

दादाची बदली झाली आहे, तो बिऱ्हाड हलवणार आहे, आईलाही नेणार आहे, हे सगळंही त्याला फटीतूनच कळलं होतं. गाडी आज दुपारी येणार होती. गेल्या काही आठवड्यांत धाकट्याने खिडकीजवळचं कपाट हलवून तिथे एका खाटेपुरती जागा केली होती. खाट अजून आणली नव्हती. त्याआधी जिना चढून आल्यावर डावीकडे आपल्या दाराकडे न वळता उजवीकडच्या दाराची घंटा वाजवायची होती आणि म्हणायचं होतं, "दादा, आईला माझ्याकडे राहू दे." वाक्य तयार होतं. आंघोळ करताना, बसमध्ये, दाढी करताना ते त्याने इतक्यांदा म्हणून पाहिलं होतं की शेवटी शेवटी ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं. अडचण पहिल्याच शब्दाची होती. इतक्या वर्षांनी 'दादा' म्हणायचं म्हणजे आवाज कुठल्या पट्टीत लावायचा?

आज सुट्टी घ्यायला हवी होती. पण आज तेलाच्या परवान्याचा दिवस होता.

धाकट्याचं खातं सीमेपलीकडे तेल नेणाऱ्या पाइपांना परवाने देत असे. सगळ्या पाइपला नव्हे. जमीन दुसऱ्या खात्याची, तेल तिसऱ्या, पाइपचा रंगदेखील कुठल्याशा चौथ्या. धाकट्याच्या खात्याकडे फक्त रेघ होती. देश जिथे संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे पाइपने रेघ ओलांडली की तेवढ्या ओलांडण्याचा परवाना हे लोक देत. नव्या माणसाला हे हास्यास्पद वाटे. मग त्याला भिंतीवरच्या नकाशाजवळ नेऊन दाखवत, की ही रेघ नकाशावर काडीएवढी दिसते, पण प्रमाण लावून पाहिलंस तर तिच्या जाडीखाली चांगलं फुटबॉलचं मैदान मावेल. ते मैदान कुणाचं? ना यांचं, ना त्यांचं. रेघेचं. आणि रेघ आपली. जुन्या साहेबांच्या काळात कुणीतरी बारीक टोकाच्या पेनाने ती पुन्हा काढायची सूचना केली होती. त्याने खात्याचं अर्ध्याहून अधिक क्षेत्र गेलं असतं, म्हणून त्या माणसाला आवक-जावक टपालाच्या बारनिशीत बसवलं होतं. धाकट्याला रेघेचं हे काम मनापासून आवडायचं. दोन्हीकडून भांडत येणाऱ्या माणसांना तो कुणाचाच नसल्यासारखा सामोरा जाऊ शकत असे. पण आज ओल्या बाहीने टेबलाशी बसल्यावर त्याला पहिल्यांदाच शंका आली, की त्या रेघेखालच्या मैदानात प्रत्यक्षात काय असेल. गवत असेल, किंवा झुरळं.

"सही झाली का?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "उद्या दोन्हीकडचे मंत्री येऊन शेवटचा बोल्ट आवळणार आहेत. बोल्टला चांदीचा मुलामा दिलाय. फालतू कारणं नकोत."

"समोरच्यांशी एकदा बोलून घेतो, साहेब. रिवाज म्हणून."

समोरचे म्हणजे रेघेच्या त्या बाजूच्या खात्यात अशाच टेबलाशी बसणारा माणूस. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. भाषा एकच, हेल थोडा वेगळा. त्याच्या वाक्याचं शेपूट जरा वर जाई. फोनवर दोघे एकमेकांना समोरचे म्हणत आणि इतक्या वर्षांत त्याहून जास्त ओळखीची गरज पडली नव्हती.

"काय हो समोरचे, आहात का?"

"आहोत. जाणार कुठे? काल आमचे पंप चालवून बघितले. काय जोर आहे म्हणता! तुमच्या टाक्या तयार ना?"

"कसल्या टाक्या?"

"आमच्याकडून येणारं तेल साठवायच्या."

"तुमच्याकडून कसं येईल? आमच्याकडून जाणार आहे. पंप तर आम्ही बसवलेत."

मग समोरचे अगदी हळू आवाजात, घरात कुणी झोपलं असावं तसे म्हणाले, "मसुदा वाचा बरं."

"'तेल अलीकडून पलीकडे वाहील.'"

"आमच्याकडेही तेच आहे. शब्दाला शब्द. एकच भाषा म्हणून आपण दोघांत एकच मसुदा ठेवला, आठवतं? भाषांतराचा त्रास वाचला म्हणून चहा प्यायलो होतो, तुम्ही तिकडे, आम्ही इकडे."

"पण अलीकडे म्हणजे आमची बाजू."

"अहो, असं कसं? आमची बाजू अलीकडे. खिडकीतून दिसतेय मला."

"मग मी पलीकडचा?"

"मग काय मी?" समोरचे खरोखर दुखावले होते. "जन्मापासून अलीकडे राहतोय मी. आजोबा अलीकडेच गेले माझे."

धाकट्याने फोन कानापासून जरा दूर धरला. एका सकाळीत दुसऱ्यांदा. त्याच्या डोळ्यांसमोर मैलोन्‌मैल ओसाड जमिनीतून दोन्हीकडून आलेला तो जाडजूड पाइप उभा राहिला, दोन्ही टोकांना दोन पंप, दोघांचीही तोंडं एकमेकांकडे, दोघेही द्यायला उतावीळ, आणि घेणारा पृथ्वीच्या पाठीवर कुणी नाही. तेल मुळात कुणाकडे होतं? थोडं थोडं दोघांकडे असावं, किंवा दोघांकडेही नसावं; तो विषय दुसऱ्या खात्याचा होता. पण शब्द त्याचे होते. 'अलीकडून पलीकडे' हे त्यानेच लिहिलं होतं. लिहिताना त्याला ते सुंदर वाटलं होतं, नदीसारखं, आणि हे कुणीतरी दुसऱ्या काठावर बसूनही वाचेल असं चुकूनसुद्धा मनात आलं नव्हतं. कसं येणार? माणूस आयुष्यभर अलीकडेच असतो. त्याला कुणी सांगत नाही तोवर.

त्याने साहेबांना सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होते. त्यांना कशाचाही धक्का बसत नसे, बसला तर तो ते खालच्याकडे पाठवत.

"जोडलं आणि दोघांनी एकदम ढकललं तर काय होईल?"

"फुटेल, साहेब."

"कुठे?"

"रेघेवर."

"म्हणजे आपल्याच खात्यात." साहेबांनी चष्मा काढला. "छे छे. कुणीतरी घेणारा व्हायला हवा."

"आपण होऊ या. एक ओळ बदलली की झालं. आपण पलीकडचे, असं लिहायचं. त्यांचे पंप राहतील, आपण टाक्या बांधू."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने कार्यालयात चड्डीवर फिरायची परवानगी मागितली. "आपण पलीकडचे? सरकारी कागदावर? उद्या वरून विचारतील, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूला बसून लिहिता? अहो, पलीकडचा म्हणजे पलीकडचा. आपला असतो का तो?"

लहानपणी धाकटा आजारी पडला की आई त्याला भिंतीकडच्या बाजूला झोपवायची आणि स्वतः काठावर निजायची, आणि दादा दारातून विचारायचा, मी कुठे झोपू? तर ती म्हणायची, ये पलीकडे, आहे जागा. तेव्हा पलीकडे जागा असायची. ती नेमकी कुठे असायची, हे आठवायचा तो साहेबांच्या समोर उभा राहून प्रयत्न करत होता, आणि साहेबांना वाटलं तो विचार करतोय.

टेबलाशी परत येऊन त्याने सही केली नाही. ओळही बदलली नाही. समासात लिहिलं, 'चर्चा करावी.' हे खात्यातलं सर्वांत जालीम औषध होतं. या दोन शब्दांपुढे धडधाकट पाइप जागच्या जागी गंजून गेले होते, मंत्री बदलले होते. चांदीचा बोल्ट आता बराच काळ कपाटात राहणार होता. मग त्याने ते शब्द पुन्हा वाचले. चर्चा करावी. कुणी कुणाला सांगत होतं हे? त्याने पेनाचं टोपणसुद्धा लावलं नाही, साहेबांना विचारलंही नाही, आणि भर दुपारी घरी निघाला. बसमध्ये वाक्य म्हणून पाहिलं. "दादा, आईला माझ्याकडे राहू दे." शेवटचे शब्द ठीक होते.

गाडी दाराशी लागलीच होती. हमाल दादाचं कपाट उतरवत होते. कपाटाच्या आरशात जिना, छत आणि मग स्वतः धाकटा असं सगळं तिरकं होऊन खाली गेलं. उजवीकडचं दार सताड उघडं होतं. घंटा वाजवायचा प्रश्नच उरला नव्हता, आणि तेवढ्यानेच त्याची सगळी तयारी कोलमडली. त्याच्या वाक्याआधी घंटा होती. तो सवयीने डावीकडे वळला, आपलं कुलूप उघडून आत गेला आणि सिंकपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीजवळच्या रिकाम्या जागेत उन्हाचा तुकडा पडला होता, बरोबर खाटेएवढा.

"कोण आहे तिकडे?" फटीतून आवाज आला. सामान गेल्यामुळे तो घुमत होता.

"मी."

"मी कोण?"

पाइपवर पाण्याचा एक थेंब जमला होता, पडत नव्हता. "पलीकडचा," धाकटा म्हणाला.

"बरं झालं बाई भेटलात. तुमच्याकडेच माझा धाकटा असतो. ओळखता का?"

"ओळखतो."

"कसा आहे हो?"

"बरा आहे. थोडा बारीक झालाय."

"खात नसेल. दुधावर साय दिसली की उठून पळायचा. मी फुंकून बाजूला करून द्यायची, तरी शोधून काढायचा."

"आता खातो साय."

"खातो?" तिला ते आवडलं की नाही, कळलं नाही. "मोठा झाला असेल. त्याला एक निरोप द्याल? आम्ही निघालोय म्हणावं. जायच्या आधी एकदा तोंड दाखवून जा."

"सांगतो."

"लगेच सांगा हं. सांगतो म्हणतात आणि विसरतात माणसं."

आम्ही निघालोय. तिच्या तोंडून तो शब्द कसा साधा आला, नळातून पाणी यावं तसा. तो घराबाहेर पडला, जिन्याच्या तोंडाशी चटईएवढी मोकळी जागा होती ती ओलांडली आणि उंबऱ्यावर उभा राहिला. वहिनी पडदे घडी करत होती. तिने त्याला पाहिलं आणि घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. दादा दोरीचं वेटोळं हातात घेऊन उभा होता. केस बरेच गेले होते. 'ये' म्हणावं की 'या', यात तो अडकला असावा, कारण त्याचं तोंड अर्धवट उघडलं आणि मग तो म्हणाला, "बरं." तोच बरं. तेव्हाचा.

खोलीत एकच खुर्ची उरली होती आणि तिच्यावर आई बसली होती, शाल पिन लावून घट्ट बसवलेली, मांडीवर पिशवी, एखाद्या स्टेशनवर असावी तशी. ती फटीतून येणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी लहान होती. तिने वर पाहिलं. इकडून तिकडून त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि कुठे काही हललं नाही.

"मी आलोय," धाकटा म्हणाला.

"हो हो. पलीकडचेच ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं." ती खूश झाली. "निरोप दिलात?"

दादा त्याच्या कानाशी आला. दोरीला धुळीचा वास होता. "अरे, सांग तिला तूच आहेस म्हणून," तो कुजबुजला. "सकाळपासून तेच चाललंय तिचं. एकदा धाकटा भेटला की उठते म्हणतेय. खाली ड्रायव्हर खोळंबलाय."

इतक्या वर्षांनी तो अरे म्हणाला होता, आणि तेही आईला उठवण्यासाठी. धाकट्याने ते वाक्य शोधलं. ते होतं, जिभेवरच होतं. पण त्याला दिसलं की ते दादाला सांगून आता उपयोग नव्हता. दादाने ठरवलं होतं, गाडी भरली होती. आईला सांगितलं, आई, मीच तो धाकटा, तर कदाचित ती ओळखेल. त्याचं तोंड हातात धरेल, गाढवा म्हणेल. मग तिचं काम झालेलं असेल. ती उठेल, दादाचा हात धरेल आणि निघेल. आणि धाकटा आलाच नाही तर? तो वाटेतच असला तर? मग त्याला फक्त न येत राहायला हवं होतं. आज, उद्या, रोज थोडं थोडं. कुणीतरी पलीकडचा व्हायला हवा, तर पाइप फुटणार नाही. समोरच्यांना हे फोनवर सांगता आलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. साहेबांनी तर नक्कीच.

"दिला निरोप," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. वाटेत आहे."

"वाटेत आहे!" आईने पिशवी मांडीवरून काढून पायाशी ठेवली. "मग थांबते. त्याला भेटल्याशिवाय मी काही हलायची नाही. तुम्ही सगळे कशाला उभे राहिलात?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. वहिनीने पडदे खाली ठेवले. दादा धाकट्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठेतरी निघून गेला आणि जागा तशीच रिकामी राहिली.

"किती वेळ लागेल त्याला?" दादाने विचारलं. आता तो कुजबुजत नव्हता.

"सांगता येत नाही," धाकटा म्हणाला. टेबलापलीकडून आलेल्या माणसांना तो असंच सांगत असे.

दादाने दोरीकडे पाहिलं, ती जमिनीवर टाकली आणि बांधलेल्या ट्रंकेवर जड अंगाने बसला. प्लायमधल्या पाइपात कुठेतरी पाणी गडगडलं आणि शांत झालं. आईने मान वळवून दाराकडे नजर लावली, आणि मग तिला आठवलं की घरात परकं माणूस उभं आहे.

"तुम्हीही टेका ना जरा," ती धाकट्याला म्हणाली. "बिचारे, इतक्या पलीकडून आलात."